भिंतीवरचे तात्पर्य : क्रांतीच्या प्राणिकथांविषयी

प्राणिकथा आणि क्रांती यांचे मूळचे सख्य नाही. प्राणिकथेचा सगळा व्यवहार स्वभावाच्या गृहीतकावर चालतो. कोल्हा धूर्त असतो, गाढव मूर्ख असते, लांडगा कोकराला खातो. कोकराने कितीही सयुक्तिक उत्तर दिले तरी खातोच. पात्रांचे गुणधर्म कथा सुरू होण्यापूर्वीच वाचकाला ठाऊक असतात, म्हणूनच ती इतकी आखूड असू शकते. क्रांतीचा दावा नेमका याच्या उलट असतो. माणसे आज जशी आहेत तशी त्यांना व्यवस्थेने घडविले आहे, व्यवस्था पालटली की तीही पालटतील, असे क्रांतिकारक सांगत असतो. म्हणजे क्रांतीची गोष्ट प्राण्यांच्या द्वारे सांगावयाची ठरविली, की स्वभाव अटळ मानणारे रूप आणि स्वभाव नाकारणारा आशय यांच्यात पहिल्या वाक्यापासून झगडा सुरू होतो. या झगड्यात कोण जिंकते, यावर त्या कथेचे राजकारण ठरते. लेखकाच्या जाहीर मतांवर ते ठरत नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'विषयीची चर्चा या प्रश्नापर्यंत सहसा पोचत नाही. ती किल्लीपाशी थांबते. नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, शेजारचा फ्रेडरिक म्हणजे हिटलर, पवनचक्की म्हणजे पंचवार्षिक योजना : ही यादी पाठ झाली की पुस्तक उघडले असे आपण समजतो. वर्गातून ते असेच शिकविले जाते. पण किल्लीवाल्या वाचनाला एक साधी अडचण आहे. या गोष्टीत लेनिन नाही. बंडाचे स्वप्न सांगणारा म्हातारा डुक्कर मेजर हा मार्क्ससारखा आहे. तो बंडापूर्वीच मरतो. पुढे त्याची कवटी खांबावर ठेवून प्राण्यांकडून तिला वंदन करविले जाते, तेव्हा मात्र मॉस्कोतील लेनिनच्या जतन केलेल्या देहाची आठवण होते. १९१७ साली सत्ता हाती घेतलेला लेनिन त्या दोहोंच्या मधल्या फटीत नाहीसा झाला आहे. ही लेखकाची विस्मृती नव्हे. अध:पात स्टॅलिनपासून सुरू झाला की त्याच्याही आधी, हा प्रश्न एका पात्रावर ढकलून मोकळे होण्याची सोय ऑर्वेलने ठेवलेली नाही. त्याचे उत्तर त्याने दुधाच्या बादल्यांत ठेवले आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी त्या रूपाचा पूर्वेतिहास. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी फीड्रस हा ऑगस्टसचा मुक्त केलेला गुलाम. प्राणिकथेचा उगमच गुलामीत आहे, उघड बोलण्याची सोय नसलेल्याने आपले म्हणणे असे आडून सांगितले, अशी त्याची मांडणी आहे. या दृष्टीने प्राणिकथा ही दुबळ्याची वाणी ठरते. पण याच फीड्रसने सांगितलेली, राजा मागणाऱ्या बेडकांची इसापाची कथा पाहावी. बेडकांना देव प्रथम लाकडाचा ओंडका देतो. निरुपद्रवी राजा नको म्हणून ते तक्रार करतात, तेव्हा त्यांना खाणारा पाणसाप पाठवितो. अथेन्समध्ये पिसिस्ट्रेटसने सत्ता बळकावली त्या प्रसंगी इसापाने ही कथा सांगितली, असे फीड्रस म्हणतो आणि तिचा बोध असा काढतो, की आहे तो जाच सोसा, नाहीतर याहून मोठा वाट्याला येईल. गुलामाच्या तोंडून निघालेली कथा धन्याच्या सोयीची निघाली.

आपल्या 'पंचतंत्रा'तील गंगदत्ताची कथा याहून तिखट आहे. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळलेला विहिरीतील बेडकांचा राजा गंगदत्त रहाटाच्या आधाराने वर येतो आणि प्रियदर्शन नावाच्या सापाला स्वत:हून विहिरीत घेऊन जातो. साप आधी शत्रूंना खातो, मग मित्रांना, मग खुद्द गंगदत्ताच्या मुलाला. येथे सापाच्या स्वभावाविषयी कोणाला शंका नाही, गंगदत्तालाही नाही. त्याला वाटते की आपण त्या स्वभावाचा वापर करू. म्हणजे दोष सापाचा नसून हिशेबाचा आहे. पण हिशेबातील चूक दाखविणारी ही कथासुद्धा व्यवस्था बदलण्याच्या इच्छेला आसरा देत नाही. विहिरीतील जाच तसाच ठेवून ती संपते.

ऑर्वेलपूर्वी पूर्व युरोपात प्राण्यांच्या बंडाच्या निदान दोन कथा लिहिल्या गेल्या होत्या. इतिहासकार मिकोला कोस्टोमारोव्हची कथा त्याच्या मृत्यूनंतर, क्रांतीच्याच वर्षी म्हणजे १९१७ मध्ये, छापली गेली. ती युक्रेनमधील एका जमीनदाराच्या पत्राच्या रूपात आहे; साहजिकच तीत गुरांचे बंड हा धन्याच्या दृष्टीने एक चमत्कारिक उपद्रव ठरतो आणि फसतो. नोबेल पारितोषिक मिळविणारा पोलिश कादंबरीकार व्ह्वाडिस्वाव रेमाँट याची 'बुंट' ही कादंबरी १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातील जनावरे माणसाला सोडून सुखाच्या भूमीच्या शोधात निघतात आणि वाटेत आपल्याच नेत्यावर उलटतात. ऑर्वेलला या कथा ठाऊक होत्या की नाही, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. महत्त्वाचे आहे ते दोहोंतील साम्य : प्राण्यांना माणसावाचून जगता येत नाही, म्हणून बंड कोसळते. रूपाने आशयावर मात केली आहे.

या पार्श्वभूमीवर ऑर्वेलने पहिल्याच हंगामात केलेली गोष्ट किती धीट आहे हे लक्षात येते. त्याच्या प्राण्यांचे बंड यशस्वी होते. जोन्सला हाकलल्यानंतर गवताची पहिली कापणी जोन्सच्या माणसांपेक्षा दोन दिवस कमी वेळात उरकते आणि शेताच्या इतिहासातील सर्वांत मोठे पीक हाती येते. प्राण्यांना राज्य चालविता येत नाही, हे उत्तर त्याने स्वत:च्या हाताने पुसून टाकले आहे. आता जे काही बिघडेल त्याचे कारण वेगळे शोधावे लागेल.

ते कारण त्याच्या समकालीन चाणाक्ष वाचकांनाही सापडले नाही. १९४३ च्या अखेरीपासून १९४४ च्या फेब्रुवारीपर्यंत लिहिलेले हे पुस्तक छापावयास प्रकाशक मिळेना, कारण रशिया तेव्हा ब्रिटनचा मित्र होता. जोनाथन केप या प्रकाशकाने सरकारी माहिती खात्यातील अधिकाऱ्याच्या सल्ल्यानंतर नकार दिला आणि राज्यकर्ता वर्ग डुकरांऐवजी दुसऱ्या प्राण्यांचा असता तर बोचरेपणा कमी झाला असता, असे सुचविले. ही सूचना हास्यास्पद खरी, पण रूपकाच्या शक्तीला दिलेली ती नकळत दादही आहे. टी. एस. एलियटने फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीने जुलै १९४४ मध्ये नकार कळविताना अधिक सूक्ष्म आक्षेप घेतला. डुकरे जर इतरांहून फार हुशार आहेत तर राज्य चालविण्यास तीच सर्वाधिक लायक ठरतात. मग उणीव आहे ती लोकहितदक्ष डुकरांची. ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक सेकर अँड वॉरबर्गने काढल्यावर समीक्षक विल्यम एम्सन याने ऑर्वेलला लिहिलेल्या पत्रात हाच मुद्दा रूपाच्या अंगाने मांडला. जनावरांच्या जातिभेदांना उपाय नसतो. त्यामुळे हे रूपक रशियातील सामाजिक भेदही निरुपाय होते असे सुचविते, आणि क्रांती हा मुळातच अशक्य असा केविलवाणा प्रयत्न ठरतो, असा त्याचा इशारा होता. एका लहान मुलाला पुस्तक परंपरानिष्ठ पक्षाच्या प्रचारासारखे वाटून फार आवडले, हेही त्याने कळविले होते.

एम्सनचा आक्षेप हा या पुस्तकावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. ऑर्वेलच्या समाजवादी निष्ठेचा दाखला देऊन तो टळत नाही. संहितेतच त्याचे उत्तर असले तर असेल.

मला ते दोन ठिकाणी दिसते. पहिले, दूध. सात आज्ञा कोठाराच्या डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिल्या जातात, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाच बादल्या दूध नाहीसे होते. पुढे उघड होते की दूध आणि सफरचंदे डुकरांसाठी राखून ठेवलेली आहेत, आणि याबाबत एरवी प्रत्येक गोष्टीवर भांडणारे नेपोलियन आणि स्नोबॉल एकमताचे आहेत. १९४६ च्या अखेरीस अमेरिकन लेखक ड्वाइट मॅकडोनाल्डला लिहिलेल्या पत्रात ऑर्वेलने कथेचे वळण याच जागी असल्याचे सांगितले आणि १९२१ च्या क्रोनस्टाटच्या खलाशांच्या उठावाशी त्याचा संबंध जोडला. लोक जागे असतील आणि काम होताच नेत्यांना हाकलून देण्याची त्यांची तयारी असेल तरच क्रांतीतून मूलगामी सुधारणा होते, असे त्याचे म्हणणे होते. स्टॅलिन येथे अपघाताने येत नाही. तो दुधामागून येतो.

दुसरे ठिकाण अक्षरओळखीचे आहे. डुकरांची हुशारी ही जन्मजात देणगी असल्याचे निवेदक सांगतो खरे, पण त्यांची साक्षरता कोठून आली तेही सांगतो : जोन्सच्या मुलांचे उकिरड्यावर फेकलेले जुने अंकलिपीचे पुस्तक त्यांनी मिळविले. नंतर स्नोबॉल सर्वांसाठी वर्ग चालवितो. बॉक्सर हा घोडा चौथ्या अक्षरापुढे जात नाही. क्लोव्हर या घोडीला सगळी मुळाक्षरे येतात पण शब्द जुळविता येत नाहीत. म्युरिएल ही शेळी कचऱ्यातल्या वर्तमानपत्रांचे तुकडे इतरांना वाचून दाखविते. आणि बेंजामिन हे गाढव कोणत्याही डुकराइतके उत्तम वाचू शकते, मात्र वाचण्यासारखे काही नाही असे म्हणून वाचत नाही. युरोपीय काय, भारतीय काय, कोणत्याही परंपरेत मूर्खपणासाठी राखीव असलेला हा प्राणी. त्यालाच डुकरांच्या बरोबरीची बुद्धी देऊन ऑर्वेलने एम्सनचे उत्तर आधीच लिहून ठेवले होते. क्षमतेची वाटणी येथे जातीनुसार झालेली नाही. त्याच सुमारास नेपोलियन दोन कुत्र्यांची मिळून नऊ पिल्ले शिक्षणासाठी म्हणून पोटमाळ्यावर नेऊन ठेवतो, हेही विसरू नये. पिल्लांची हिंस्र कुत्री होतात ती स्वभावाने नव्हे, शिकवणुकीने.

बेंजामिन अखेर दोनदा वाचतो. पहिल्यांदा, बॉक्सरला घेऊन जाणाऱ्या गाडीवरची खाटकाची पाटी. दुसऱ्यांदा, शेवटी भिंतीवर उरलेली एकमेव आज्ञा. दोन्ही वेळा वाचून उपयोग होण्याची वेळ निघून गेलेली असते. मधल्या काळात तो म्हणत नाही असे वाक्य कोणते, याची यादी केली तर तोच या कथेतील सर्वांत मोठा अपराधी ठरेल. पुष्कळ समीक्षकांना बेंजामिनमध्ये ऑर्वेल दिसतो. मला त्याच्यात आपण दिसतो, म्हणजे समीक्षक दिसतात.

आणि आता भिंत. प्राणिकथेत तात्पर्य कथेच्या बाहेर असते. कथा संपते, मग निवेदकाच्या अधिकाराने बोध येतो. तो खोटा असू शकत नाही, कारण तो कथेच्या जगातला नसतो. ऑर्वेलने हे तात्पर्य उचलून कथेच्या आत, भिंतीवर आणून ठेवले. एकदा आत आले की ते इतर वस्तूंप्रमाणेच पुसता येते, रंगविता येते. कथा पुढे सरकते ती घटनांनी कमी आणि या तात्पर्याच्या दुरुस्त्यांनी अधिक. बिछान्यावर न झोपण्याच्या आज्ञेला चादरींची अट चिकटते, दारूबंदीला अतिरेकाची, हत्येच्या निषेधाला विनाकारणाची. एका रात्री मोडकी शिडी, कुंचला आणि सांडलेला पांढरा रंग यांच्या शेजारी स्क्वीलर पडलेला सापडतो आणि बेंजामिनखेरीज कोणालाही त्याचा अर्थ लागत नाही. पहिल्या दिवशी स्नोबॉल आज्ञा लिहीत होता तेव्हा खालच्या पायऱ्यांवर रंगाचे भांडे धरून हाच स्क्वीलर उभा होता.

भारतीय वाचकाला हे नवे वाटू नये. 'पंचतंत्रा'च्या 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात सिंह आणि बैल यांची मैत्री तोडणारा दमनक कोल्हा पानापानावर नीतिवचने उद्धृत करतो. त्याला दोष देणारा करटकही तीच करतो, आणि बैलाला मारून खंतावलेल्या सिंहाचे सांत्वन दमनक पुन्हा नीतिवचनांनीच करतो. शेवटी प्रधानपद त्याचेच. 'पंचतंत्र' हा नीतिग्रंथ आहे असे आपण शाळेत शिकलो. सुभाषित हे तेथे शस्त्र आहे, ते ज्याच्या हाती लागेल त्याच्या बाजूने लढते, हे कोणी शिकविले नाही. दमनक आणि स्क्वीलर यांच्यात फरक एवढाच, की दमनकाला असंख्य सुभाषितांतून सोयीचे निवडता येते; स्क्वीलरपाशी सातच आज्ञा आहेत, म्हणून त्याला त्या बदलाव्या लागतात.

येथे भाषांतराचा एक प्रश्न उद्भवतो, आणि तो तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. इंग्रजीत या तिन्ही अटी वाक्याच्या शेवटी लागतात. स्क्वीलरला जुने अक्षर पुसावे लागत नाही. ओळ संपते तेथे दोन शब्द वाढविले की झाले. मूळ आज्ञा जशीच्या तशी भिंतीवर असते, म्हणूनच आपणच विसरलो होतो असे प्राण्यांना वाटू शकते. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. 'विनाकारण' हा शब्द वाक्याच्या मधे घुसवावा लागतो. त्यासाठी उरलेली ओळ खरवडून पुन्हा लिहावी लागेल. शेवटी जोडला तर तो ठिगळासारखा दिसेल आणि एखाद्या कोंबडीलाही संशय येईल. मराठी स्क्वीलरला अधिक मेहनत पडते असे विनोदाने म्हणता येईल. पण हा उपरोध वाक्यरचनेत, शब्दांच्या क्रमात वसलेला आहे, केवळ 'आशया'त नाही. भाषांतरकाराने केवळ अर्थ आणला तर भिंत मागे राहते.

मराठीतील प्राण्यांच्या सत्ताकथेचा विचार करता व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२) ही लघुकादंबरी समोर येते. साहित्य अकादमीने १९८३ साली तिचा गौरव केला. वानरांच्या टोळीवर नवा नर ताबा मिळवितो, आधीच्या नराची पिल्ले मारली जातात, टोळी पुढे चालू राहते. या कादंबरीवर राजकीय रूपकाचा आरोप करण्याचा मोह तिच्या शीर्षकामुळेच होतो. पण तो टाळावा असे मला वाटते. माडगूळकरांची वानरे भाषणे करीत नाहीत, आज्ञा लिहीत नाहीत. तेथे क्रौर्य आहे, पण विश्वासघात नाही; कारण विश्वासघातासाठी आधी कोणीतरी वचन दिलेले असावे लागते, आणि वचनासाठी भाषा. खांडेकरांनी मराठीत रूढ केलेल्या रूपककथेत नदी-पर्वतही बोलतात, परंतु त्यांचे बोलणे एखाद्या चिंतनाकडे निघालेले असते. ते कोणाला फसवीत नाही. 'सत्तांतर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' शेजारी ठेवले की सत्ताबदल आणि क्रांती यांच्यातील अंतर उघड होते. पहिल्यात शरीरे बदलतात. दुसऱ्यात शब्द दिला जातो आणि तो मोडला जातो. म्हणून उपरोधाला जागा फक्त दुसऱ्यात आहे.

शीतयुद्धात या पुस्तकाचे काय झाले ते सुपरिचित आहे. हॅलास आणि बॅचलर यांच्या १९५४ च्या बोलपटामागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा पैसा होता, आणि त्यात शेवट बदलून प्राणी डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करताना दाखविले. मूळ शेवटातील समोरचा पक्ष, म्हणजे जेवणास आलेले शेजारचे शेतकरी, या बोलपटातून गाळला गेला. ते गाळणे किल्लीवाल्या वाचनाला धरूनच होते. तो प्रसंग १९४३ च्या तेहरान परिषदेवर बेतलेला होता, आणि १९४७ च्या युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑर्वेलने स्पष्ट केले, की तेथे त्याला दिलजमाई अभिप्रेत नव्हती, बेबनाव अभिप्रेत होता. पत्त्यांच्या डावात दोघांनी एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकलेला असतो. शोषकांचे दोन गट एकमेकांसारखे दिसतात, हे सांगणारा हा शेवट त्यांतील एका गटाच्या पैशातून तयार होणाऱ्या बोलपटात मावणे शक्य नव्हते. डावीकडच्या पुष्कळांनी याच बोलपटाच्या चष्म्यातून पुस्तक पाहिले आणि ते शत्रूच्या हवाली केले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा आता या रूपकाचे काम संपले असे म्हणणारेही त्याच किल्लीवर विसंबले होते.

ऑर्वेल स्वत: किल्लीच्या बाबतीत काटेकोर होता, हे मान्य केले पाहिजे. पवनचक्की उडविली जाते त्या प्रसंगी नेपोलियनसह सगळे प्राणी पालथे पडतात असे त्याने आधी लिहिले होते; मार्च १९४५ मध्ये त्याने प्रकाशकाकडून त्यात बदल करून 'नेपोलियनखेरीज' असे करून घेतले, कारण जर्मन चालून आले तेव्हा स्टॅलिन मॉस्को सोडून गेला नव्हता. ज्याचा तो आयुष्यभर विरोधक राहिला त्याच्यावर एका शब्दाचाही अन्याय होऊ नये, म्हणून केलेली ही दुरुस्ती. पुस्तकात शब्द बदलणारे दोघे आहेत, असेही म्हणता येईल.

तरीही एक मर्यादा उरते, आणि ती एम्सनने दाखविलेली नव्हे. ती क्लोव्हरची आहे. कबुलीजबाब आणि हत्याकांड झाल्यानंतर उरलेले प्राणी टेकाडावर एकमेकांना बिलगून बसतात. क्लोव्हर खाली पसरलेल्या शेताकडे पाहते. आपण ज्यासाठी बंड केले ते हे नव्हे, एवढे तिला कळते. मेजरने त्या रात्री काय सांगितले होते ते तिला आठवते. बिछान्यांविषयी नक्की काहीतरी नियम होता, हेही तिला आठवले होते. पण तिला शब्द जुळविता येत नाहीत; आणि ज्याला जुळविता येतात तो बोलत नाही. त्यामुळे तिचा विचार निवेदकाला आपल्या भाषेत मांडावा लागतो, आणि मांडताना तो कबूल करतो, की हे शब्द तिच्यापाशी नव्हते. संपूर्ण पुस्तकात कोरडे अंतर राखून बोलणारा निवेदक येथेच प्राण्याच्या मनात शिरतो. उपरोधाची धार येथे आपोआप बोथट होते, कारण क्लोव्हरचे हसू येणे शक्य नाही. प्राणिकथेला दोनच सुविधा असतात : बोलणारा प्राणी आणि न बोलणारा प्राणी. जिला कळते आणि बोलता येत नाही अशी घोडी या रूपात बसत नाही. ऑर्वेलने तिला तरीही बसविली आहे, आणि तिच्यापुरते रूप ताणले आहे.

तिच्यापाशी असते ते एक गाणे. बंडापूर्वी मेजरने शिकविलेले. शब्द सापडत नाहीत म्हणून ती ते म्हणू लागते, इतर प्राणी साथ देतात, आणि सगळे मिळून ते तीनदा म्हणतात, पूर्वी कधी म्हटले नव्हते इतक्या संथ, शोकाकुल सुरात. तिसऱ्यांदा ते संपते न संपते तोच दोन कुत्र्यांना बरोबर घेऊन स्क्वीलर येतो आणि सांगतो, की बंड पूर्ण झाले असल्यामुळे या गाण्याची आता आवश्यकता नाही, ते आजपासून रद्द करण्यात आले आहे.